तुमचे प्रश्न : नेहमीच्या शाळेत विशेष गरजांची मुलं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. उत्तरं विशेष शिक्षक आणि श्रवणतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

माझा मुलगा तिसरीत, मराठी माध्यमात आहे. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो. वाचायला बसला की एकेक अक्षर लावत बसतो. ‘सूर्य’ लिहायला सांगितलं की ‘सुयर’ लिहितो, पंचवीस म्हटलं की 52. बाई म्हणतात सराव नाही. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही असेच होते, मोठा झाला की सुधारेल. थांबावं का? – एक आई, बार्शी

थांबू नका. बाबांचंही असंच होतं ही माहिती धीर देणारी वाटते, पण वाचनातली अडचण घराण्यात चालत येते. तेव्हा ते थांबायचं नाही, लवकर बघायचं कारण आहे.

पहिलं काम डोळे आणि कान तपासून घेण्याचं. दुसरं काम वहीचं. गेल्या पंधरा दिवसांतल्या चुका एका कागदावर उतरवून काढा आणि त्यांचे गट पाडा. ह्रस्व-दीर्घाच्या चुका बाजूला ठेवा. ‘सुर्य’ तर दुकानांच्या पाट्यांवरही दिसतो. बघायचं ते वेगळंच. घ-ध, भ-म, थ-य, ब-व अशी दिसायला जवळची अक्षरं बदलतात का? काना-मात्रा गळतात का? जोडाक्षरात आवाजांचा क्रम उलटतो का? तुमच्या मुलाची ‘सुयर’ ही चूक तिसऱ्या गटातली आहे आणि तिच्यामागे कारण आहे. रफाराचा आवाज ‘य’च्या आधी येतो, पण खूण ‘य’च्या डोक्यावर बसते. पहिल्या वेलांटीचं याच्या उलट: ती दिसते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. मूल डावीकडून उजवीकडे एकेक खूण लावत गेलं की इथेच अडकतं. शंभर वेळा लिहून घेतल्याने हे सुटत नाही. दहाव्या ओळीनंतर हात नुसता चित्र उतरवत असतो, कान बंद झालेला असतो.

त्याऐवजी रोज 15 ते 20 मिनिटं, आणि आठवड्याला एकच खूण. रफार घेतलात तर शब्द सहाच: वर्ग, मार्ग, सर्प, खर्च, कार्य, सूर्य. शब्द आधी दाखवायचा नाही, म्हणायला लावायचा, तुकड्यागणिक टाळी: वर्–ग. पहिल्या टाळीच्या शेवटी कोणता आवाज आला ते त्याच्याकडून काढून घ्या. मग एका चिठ्ठीवर ‘व’, दुसरीवर ‘ग’, आणि दुधाच्या पिशवीच्या धुतलेल्या, पारदर्शक तुकड्यावर लाल पेनाने रफार. आवाज ऐकू आला की तो तुकडा त्याने स्वतः उचलून ‘ग’च्या डोक्यावर ठेवायचा. हात आणि कान एकत्र चालले की तीन-चार दिवसांत खूण बसू लागते. त्यानंतर वही. वेलांटीच्या आठवड्यात आधी अक्षर लिहू द्या, वेलांटी नंतर. म्हणजे लिहिण्याचा क्रम उच्चाराच्या क्रमाला धरून राहतो.

52 चं कारण तर आपली भाषाच आहे. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी कानावर येतो, वीस नंतर, आणि मूल ऐकलं तसं लिहितं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची जोड पद्धत आली तेव्हा तिच्यावर भरपूर विनोद झाले. बाकीच्यांना ती लागो न लागो, अशा मुलाला ती लागते. आधी ‘वीस आणि पाच’ म्हणायचं, दशकाच्या घरात 2 लिहायचा, एककाच्या घरात 5, आणि मग ‘पंचवीस’ हे नाव. एकोणीस ते एकोणनव्वद या आठ संख्या वेगळ्या काढून शिकवा. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतो, पण लिहायचा 2 असतो, गोंधळ होणारच.

दर शनिवारी साठेक शब्दांचा तोच उतारा एक मिनिट मोठ्याने वाचून घ्या आणि बरोबर आलेल्या शब्दांचा आकडा कॅलेंडरवर लिहा. आठ आठवड्यांत आकडा फारसा हलला नाही तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन-गणितात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. तिचे दोन भाग असतात, बुद्धिमापन आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी. दुसरा भाग मराठीतून होतोय ना, हे वेळ घेतानाच विचारा. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी उताऱ्यावर परीक्षा घेतली तर अडचण नसतानाही दिसेल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. जाताना वह्या, प्रगतिपुस्तक आणि वर्गशिक्षिकेचं पत्र बरोबर ठेवा. सरकारी प्रमाणपत्र वयाची 8 वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. शिकवणं मात्र प्रमाणपत्रासाठी अडवून ठेवायचं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुसरीत एका मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. पहिल्या बाकावर बसवते, तरी हाक मारली की बघत नाही. मधूनच यंत्रं काढून दप्तरात टाकते. – शिक्षिका, जि. नंदुरबार

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. हवा तेवढाच निवडून देत नाही. पंखा, शेजारच्या वर्गाचे पाढे, बाकाचं खरखरणं, सगळंच मोठं होऊन कानात येतं. त्यामुळे अंतराला महत्त्व. तुमचं तोंड आणि तिचं यंत्र यांत एक ते दीड मीटर असेल तर ठीक. तीन मीटरवर गेलात की तुमचा आवाज गोंगाटात मिसळतो. पहिला बाक नेहमी चांगलाच असतो असं नाही. तिथे बसलं की मागे कोण बोलतंय ते दिसत नाही, आणि ऐकायला कमी येणारं मूल अर्धं डोळ्यांनी ऐकतं. दुसऱ्या रांगेत, कडेला, जरा तिरकं बसवा. तुम्हीही दिसाल, मुलंही दिसतील. खिडकी तिच्या पाठीशी असू द्या, म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला.

आता रोजची दोन मिनिटांची तपासणी. परिपाठाआधी तिच्या मागे एक मीटरवर उभ्या राहा, तोंडासमोर कागद धरा आणि सहा आवाज काढा: आ, ई, ऊ, म, श, स. क्रम रोज बदला, मधली थांबायची वेळही बदला. नाहीतर मुलं ठेक्यावरून ओळखतात. आवाज आला की तिने डब्यात एक चिंचोका टाकायचा. एका वेळी एकच कान. सहाही चुकले तर बॅटरी बघा. फक्त श आणि स चुकले आणि काल ते येत होते, तर नळीत पाण्याचा थेंब किंवा मोल्डमध्ये मळ अडकलेला असतो. मोल्ड म्हणजे कानात बसणारा साचा. काही मुलांना स यंत्र लावूनही ऐकू येत नाही. म्हणून तुलना तिच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी करायची, दुसऱ्या मुलाशी नाही.

बॅटरीचा घोळ सगळ्यात जास्त होतो. या बॅटऱ्या हवेवर चालतात. मागचा रंगीत कागद काढला की मिनिटभर बाहेर ठेवून मग बसवायची. लगेच बसवली तर नीट चालू होत नाही. एकदा काढलेला कागद परत चिकटवून उपयोग नसतो, ती संपतच जाते. कागदाचा रंग आकार सांगतो: नारिंगी 13 नंबर, तपकिरी 312, निळा 675. एक साधारण आठवडा ते दोन आठवडे टिकते. एक जादा पान शाळेच्या कपाटात ठेवा.

यंत्र काढून टाकणाऱ्या मुलीला रागवण्याआधी कारण शोधा. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड सैल झाला आहे. कान वाढतो, साचा वाढत नाही, या वयात वर्षातून एकदा तरी नवा लागतो. कानामागे लाल झालं असेल तर टोचतो आहे. फक्त खेळाच्या तासाला किंवा जेवणाच्या सुट्टीत काढत असेल तर गोंगाट सोसत नाही. तेवढा वेळ तिच्या ताटाला कोपऱ्यातली जागा द्या. आणखी एक, खास आपल्याकडचं कारण: खोबरेल तेल. सकाळी चप्प बसवलेल्या केसांतलं तेल ओघळून मोल्डच्या भोकात जातं. आईला सांगा, तेल रात्री, आणि यंत्राच्या दिवशी कानाजवळ नको. मोल्ड यंत्रापासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतो, नळी पूर्ण वाळली की जोडायचा. यंत्राला पाणी लावायचं नाही. पावसाळ्यात रात्री घट्ट झाकणाच्या डबीत, शोषक दाण्यांच्या पुडीसोबत ठेवायला लावा.

श्रुतलेखन तिच्यासाठी शब्दांचं नको, वाक्याचं घ्या. ‘पोट’ की ‘बोट’ हे नुसत्या कानाने तिला कळणार नाही, वाक्याच्या संदर्भाने कळेल. मोल्ड बदलणं, यंत्र पुन्हा जुळवणं यासाठी तुमच्या गट साधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणारं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांना लेखी कळवा.

मुलगी स्वमग्न (ऑटिझम) आहे, पहिलीत. शाळा म्हणते, स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात तिच्या सोबतीला बसणारा माणूस, ठेवा, नाहीतर घेऊन जा. महिन्याला एवढे पैसे शक्य नाहीत. – एक वडील, ठाणे

‘नाहीतर घेऊन जा’ हे शाळेला म्हणता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 सरकारी अनुदानाच्या आणि सरकारमान्य अशा दोन्ही शाळांना लागू आहे: भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय, आणि लागेल तो आधार. शाळेला लेखी विचारा की सोबतीला माणूस नेमका कशासाठी हवा आणि तोपर्यंत शाळा स्वतः काय करते आहे. पत्राची पोच घ्या, तारखेसह. तोंडी बोलण्यावर पुढे काहीच उभं राहत नाही. शाळेने ऐकलं नाही तर महापालिकेचे शिक्षणाधिकारी, आणि तिथेही नाही झालं तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. विशेष शिक्षकाचं प्रमाणही 2022 साली केंद्राने ठरवून दिलं आहे: प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक, त्यापुढे 15 मागे एक.

हे झालं हक्काचं. पण सोबतीला माणूस असावा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि आमचं मत असं की पूर्ण दिवसाचा माणूस बहुतेक वेळा नुकसान करतो. तो बाकावर मुलीच्या आणि वर्गाच्या मधे बसतो. बाई सूचना त्यालाच देतात. मुलंही ‘तिला विचारा ना’ म्हणून त्याच्याशी बोलतात. वर्षाअखेरीस मुलगी वर्गात असते, पण वर्गाची नसते.

आधी चार दिवस बाईंकडून एक साधी नोंद मागा: किती वाजता, काय चाललं होतं, मुलीने काय केलं, त्यानंतर काय झालं. बहुतेक वेळा त्रासाच्या जागा दोन-तीनच निघतात: परिपाठाचा लाउडस्पीकर, तास बदलताना होणारी धावपळ, डब्याची सुट्टी. लाउडस्पीकरपासून लांब, रांगेच्या टोकाला उभं करा. कान झाकणारं हेडफोन चालतं. तास बदलायच्या पाच मिनिटं आधी बाईंनी तिच्या बाकावरच्या, दिवसाचे तास क्रमाने दाखवणाऱ्या चित्रपट्टीतलं झालेलं चित्र उलटं करायचं आणि पुढच्यावर बोट ठेवायचं. पट्टीवर सहापेक्षा जास्त चित्रं नकोत. ‘मला बाहेर जायचंय’ असं एक कार्ड तिच्या खिशात असू द्या. पहिल्या आठवड्यात ती ते दहादा दाखवेल, बाईंना वाटेल फायदा घेते आहे. दर वेळी सोडा, दोन मिनिटांसाठी. कार्ड चालतं ही खात्री पटली की वापर आपोआप कमी होतो. अडवलं तर ती पुन्हा ओरडण्याकडे वळेल, कारण ओरडलं की बाहेर नेतात हे तिला माहीत आहे.

एवढं करूनही माणूस लागला तर त्याच तीन वेळांपुरता, शेजारी नाही तर मागे बसणारा, आणि किती आठवड्यांनी कोणती वेळ सोडायची हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेलं असावं.

मुलगा नववीत, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आताच मिळालं. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळेल ना? सगळ्याच सवलती घ्याव्यात का? – पालक, कोल्हापूर

मिळेल. राज्य मंडळाचा जादा वेळ तासाला 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मुख्याध्यापकांना या महिन्यातच भेटा. दहावीचे फॉर्म भरताना धावपळ केली की एखादा कागद राहतोच. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो.

सगळ्या सवलती मात्र डोळे मिटून घेऊ नका. खालच्या पातळीचं गणित किंवा भाषेऐवजी दुसरा विषय घेण्याआधी मुलाला पुढे जिथे जायचंय तिथल्या प्रवेशाच्या अटी वाचा. सुटका वाटणारी सवलत दोन वर्षांनी दार बंद करते.

लेखनिकाबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असतो: मुलाला येतं, लिहिणारा मिळाला, झालं. प्रत्यक्षात सांगून लिहवून घेणं ही वेगळी कला आहे. सवय नसलेलं मूल घाईने बोलतं, लेखनिक मागे पडतो, मूल थांबतं आणि पुढचं वाक्य विसरतं. नववीपासून आठवड्याला एक 40 गुणांचा पेपर लेखनिकासह सोडवा. प्रश्न लेखनिकाने दोनदा वाचायचा. मुलाने एका श्वासात सात-आठ शब्द सांगायचे आणि लेखनिकाची मान वर येईपर्यंत थांबायचं. ‘नवा मुद्दा’, ‘परिच्छेद संपला’, ‘खाली रेघ’ हे तोंडाने सांगायची सवय लावा. भूमितीच्या आकृतीसाठी बिंदूंची नावं आणि मापं कशी सांगायची ते वेगळं घोटा. शेवटचा जादा तास बहुतेक मुलं थकव्यात घालवतात. त्याऐवजी दीड तासाने पाणी प्या, दोन मिनिटं डोळे मिटा, आणि शेवटची 20 मिनिटं लेखनिकाकडून उत्तरं वाचून घ्यायला ठेवा.

हीच सोय शाळेच्या घटक चाचण्यांतही मागा. मार्चमध्ये पहिल्यांदा लेखनिक भेटला तर त्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

आमच्या शाळेत रॅम्प बांधला आहे, पण व्हीलचेअरवरचा सातवीतला विद्यार्थी एकटा चढू शकत नाही, दोन मुलं ढकलतात. वर्गातही त्याला नीट लिहिता येत नाही. – मुख्याध्यापक, जि. सातारा

टेप घ्या आणि मोजा. उतार 1 ला 12 हवा. 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटिमीटर उंची. त्यासाठी रॅम्पची आडवी लांबी 5 मीटर 40 सेंटिमीटर लागते. जागा नाही म्हणून कंत्राटदार ती दोन मीटरवर आणतो आणि मग तो रॅम्प सामान चढवायलाच बरा. सरळ जागा नसेल तर भिंतीलगत वळवून दोन टप्प्यांत घ्या, वळणावर आणि दाराशी दीड मीटरची सपाट जागा सोडा. रुंदी 1 मीटर 20 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरखरीत. चकचकीत फरशी पावसात घात करते. उंबरा काढा. दार 90 सेंटिमीटर मोकळं मिळायला हवं, आणि स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं. आतल्या बाजूला उघडणाऱ्या दारामागे व्हीलचेअर अडकते, आणि मग असा मुलगा शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. त्याला हे एकदा विचारून बघा.

लिहिण्याचं कारण बहुतेक वेळा हात नसतो, पाय असतात. तळवे टेकलेले नसले की सगळं अंग तोल सावरण्यात जातं. व्हीलचेअरचे पायठे त्याच्या मापाला आणा. बाकावर बसत असेल तर पायाखाली फळी द्या. गुडघे आणि कंबर काटकोनात, मेज कोपराच्या उंचीला. जाड पाठीची बॉक्स फाइल आडवी ठेवली की तिरका उतार तयार होतो; तिच्यावर वही चिमट्याने अडकवा आणि फाइलखाली घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. त्याच ट्यूबची दोन बोटं रुंदीची पट्टी पेनला गुंडाळली की पकड जाड होते. एवढ्यानेही ओळ सरकत असेल तर फळ्यावरचं उतरवून घेणं बंद करा आणि शेजाऱ्याच्या वहीचा फोटो किंवा झेरॉक्स द्या. त्याची शक्ती उत्तरं लिहिण्यासाठी राहू द्या.